एका धड्याला एक खोडी

ता. ४

चि. दहाबारा,

आशीर्वाद. चिमणीचा खोकला अजून तसाच आहे हे वाचून जिवाला घोर लागला. डॉक्टर घाटाच्या खाली, तुम्ही राहता ते पाण्याचं पंपघर घाटाच्या माथ्यावर, आणि मधे ती आठवड्यातून तीनदा येणारी बस, तीही आली तर. नातीने खोकायचं ते मंगळवार, गुरुवार, शनिवार बघूनच खोकायचं की काय?

म्हणून ठरवलं. आपली जुनी गाडी, म्हातारी, तुला देऊन टाकायची. मीच चालवत वर आणतो, पंपघराच्या दारात उभी करतो आणि बसने परत येतो. नको म्हणू नकोस. गॅरेज बंद केल्यापासून ती आणि मी एकमेकांची तोंडं बघत बसलोय.

पण आहे तशी आणली तर तू मलाच ओरडशील. खड्ड्यात गेली की पुढून खट्ट वाजते आणि ब्रेक दाबला की नाक मुरडून उजवीकडे जाते. काल जॅकवर घेतली, खाली घोडी लावली आणि चाकामागच्या खालच्या आर्मला पहारीने जरा ढोसलं, तर आर्म पडायला आलेल्या दातासारखा हलला. आर्मच्या सांध्यातले रबरी बुश गेलेत. रबर इतकं वाळलंय की बोटाने चुरा होतो. लहानपणी तू विचारायचीस, हे रबर इथे कशाला, आणि मी सांगायचो, लोखंडाने लोखंडाशी भांडू नये म्हणून मधे एक मऊ माणूस लागतो.

उजवीकडचा आर्म काढायला सकाळ गेली. त्यातली निम्मी पाना शोधण्यात. सगळं गॅरेज पालथं घातलं आणि पाना निघाला माझ्याच मागच्या खिशात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेजारचा शिंपी दारात बसून हे बघत होता, हसला मात्र नाही. हल्ली तो दिवसातून दोनदा येऊन बसतो. धंदा मंदावला असेल बिचाऱ्याचा.

जुने बुश व्हाइसमध्ये धरून पाइपच्या तुकड्याने दाबून काढले. आर्मचं भोक घासून चकचकीत केलं. नव्या बुशच्या रबराला ग्रीसचा सढळ हात मारला आणि दाबले, तर लोण्यात सुरी जावी तसे गेले. आता डावी बाजू. जावईबापूंना नमस्कार. चिमणीला सांग, म्हातारी येतेय.

तुझा बाबा

---

ता. ९

ती. बाबांस,

सा. न.

सापडली.

रबराला ग्रीस? तुम्ही? ग्रीस लावलेला बुश सहा महिन्यांत फुगून मऊ होतो हे तुम्हीच मला शिकवलंत, तेव्हा मला सायकलसुद्धा येत नव्हती. साबणाचं पाणी लावायचं, दुसरं काही नाही. मला वाटलं होतं गॅरेजबरोबर तुमचा तो खेळही बंद झाला. पत्र वाचता वाचता ग्रीसवर आले आणि इतकी हसले की चिमणी खोकायची थांबून माझ्याकडे बघायला लागली.

ह्यांना सगळं समजावून सांगावं लागलं. म्हटलं, आमच्या बाबांची शिकवायची रीतच ती. एका धड्याला एक खोडी. सगळं बरोबर सांगायचं आणि मधेच एक गोष्ट चुकीची, चेहरा अगदी साळसूद ठेवून. शिकणाऱ्याने ती पकडायची. पकडली नाही तर उद्या पुढचा धडा नाही, पुन्हा तोच. तुमच्याकडे शिकलेल्या कोणालाही विचारा, कान आणि डोळे उघडे ठेवायची सवय तिथेच लागली. मी तर, नाव पडलं त्याप्रमाणे, दहा-बाराचा पाना आणून देता देता सगळ्यांच्या आधी खोडी पकडायचे आणि तुम्ही रागावल्याचं सोंग करायचात.

हे म्हणाले, पण पत्रात कशाला खोडी? मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं.

म्हातारी येणार म्हणून इथे उत्साह आहे. पंपघराच्या मागे पत्रे टाकून आडोसा करतोय. बाबा, सावकाश करा, घाई नाही. पुढची खोडी अवघड घाला.

तुमची दहाबारा

---

ता. १४

चि. दहाबारा,

आशीर्वाद. शाबास. म्हातारा झालो तरी शिष्य तयार आहे म्हणायचा.

या पत्राला उशीर झाला, कारण बुश पुन्हा आणावे लागले. आधीचे मापाचे नव्हते. दुकानदार म्हणाला, तुम्हीच हे मागितलेत. मी म्हटलं, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो, आणि भांडून बदलून आणले. आता साबणाच्या पाण्याने बसवलेत, दोन्ही बाजूंचे.

काल दोन्ही आर्म जागेवर चढवले. घोडी सापडली नाही. सांगाड्याखाली लावायची ती लोखंडी तिपाई गं. कुठे ठेवली देव जाणे. मग जॅकवरच घेतली आणि खाली शिरलो. चाकं लटकत होती, हात छान पोचत होता, तेव्हाच सगळे बोल्ट जीव लावून कसून टाकले. कामाचा उरक असावा तर असा. तेवढ्यात शिंप्याने आरडाओरडा करून माझे पाय धरले आणि मला खसकन बाहेर ओढलं. सुई टोचली तरी घाबरणारा माणूस. शर्ट मात्र फाटला माझा. त्यानेच शिवून दिला, आणि वर काय केलं माहितेय? खिशाच्या आतल्या बाजूला माझं नाव आणि पत्ता शिवला, पिवळ्या दोऱ्याने. म्हणतो, नवीन पद्धत आहे. मी म्हटलं, मला काय पोस्टात टाकायचंय?

गाडीची किल्लीही मधे सापडत नव्हती. तू शाळेत असताना तिला लाल दोरा बांधला होतास ना, म्हणून सापडली. नाहीतर ती आणि गॅरेजच्या कुलपाची किल्ली, दोन्ही पितळी, दोन्ही सारख्याच झिजलेल्या. अंधारात कळत नाही कुठली कुठली. हल्ली उजेडातही नाही.

शोध खोडी. या वेळी अवघड आहे.

तुझा बाबा

---

ता. १८

ती. बाबांस,

सा. न.

एक खोडी लगेच सापडली. चाकं लटकत असताना बुशचे बोल्ट कसायचे नसतात. गाडी पायांवर उभी करायची, दोनदा दाबून हलवायची, रबराला आपली बसायची जागा सापडू द्यायची आणि मग कसायचं. नाहीतर रबर जन्मभर पिळलेलं राहतं आणि महिन्याभरात फाटतं. तुमचे शब्द आहेत. तुम्ही म्हणायचात, उभ्या माणसाचं माप उभ्यानेच घ्यावं.

पण बाबा, दुसरी काय होती? नुसत्या जॅकवर घेतलेल्या गाडीखाली तुम्ही शिरलात? मला तुम्ही तशा गाडीखाली पडलेला वॉशर काढायलासुद्धा हात घालू दिला नव्हतात. एकदा घातला तर सगळ्यांदेखत कान पिळलात. एका धड्याला एक खोडी हा नियम तुमचाच. मग या धड्यात दोन कशा?

ह्यांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, ही खोडी नाही गं. मी खूप चिडले. म्हटलं, माझ्या बाबांनी आयुष्यभर डोळे मिटून गाड्या जोडल्यात. ते पत्र माझ्या हातात देऊन टाकीकडे निघून गेले. असे उठून गेले की मला जास्त राग येतो. रात्री मी त्यांना एकट्यालाच वाढलं.

खरं सांगा. दुसरीही खोडीच होती ना? तेवढं लिहा, म्हणजे ह्यांच्या तोंडासमोर पत्र धरते. आणि चिमणीला बरं वाटेपर्यंत घाई करू नका. हवं तर आम्हीच खाली येतो.

शिंपीकाकांना नमस्कार सांगा. त्यांनी ओढलं ते बरं केलं.

तुमची दहाबारा

---

ता. २२, सोमवार

चि. दहाबारा,

आशीर्वाद. दोन्ही खोड्याच होत्या. पोरगी हुशार झाली की परीक्षा अवघड करावी लागते. जावईबापूंना सांग, सासऱ्याची काळजी करण्यापेक्षा टाकीची गळती बघा.

आता नीट वाच. घोडी सापडली, कपड्यांच्या कपाटात होती. सगळे बोल्ट पुन्हा ढिले केले. म्हातारीला जमिनीवर उतरवलं. पुढे शिंप्याला बसवलं आणि खालीवर हलायला लावलं. तो घाबरत घाबरत हलला, पण रबर निवांत बसलं. मग आधी उजवीकडचे आतले दोन्ही बोल्ट कसले, मग डावीकडचे. बोल्टच्या डोक्यावर खडूची रेघ मारली, फिरला तर कळावा म्हणून. आर्मच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट चाकाच्या गाठीत बसवला, नट लावला, कसला. दोन्ही बाजूंना तसंच. चाकं चढवली, त्यांचे नट समोरासमोरचे आवळले. ब्रेक दाबून पाहिला. गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. सरळ जाते. आवाज नाही. मुलीसारखी गुणी झाली आहे.

या पत्रात खोडी आहे की नाही ते सांगणार नाही. तूच प्रत्येक ओळ वाच. भरभर वाचू नकोस, बेटा, बोट ठेवून वाच. हे पत्र उद्याच्या बसने तुला मिळेल. गुरुवारच्या बसने तुझं उत्तर येईल. काही कमीजास्त असेल तर शुक्रवारी करीन आणि शनिवारी सकाळी निघीन.

शिंपी म्हणतो, मी बरोबर येतो. त्याला घाटात उलट्या होतात. नको म्हटलं.

तुझा बाबा

---

ता. २५, गुरुवार

ती. बाबांस,

मंगळवारची बस आलीच नाही. तुमचं पत्र आज मिळालं. बस उशिरा आली आणि लगेच परत फिरली, तेव्हा मी अजून ते वाचतच होते, बोट ठेवून, तुम्ही सांगितलंत तसं.

पुन्हा पुन्हा वाचलं. चुकीचं काहीच सापडलं नाही. मला इतकं हलकं वाटलं की चिमणीला उचलून गिरकी घेतली. ह्यांना म्हटलं, बघा, सगळं बरोबर आहे.

मग संध्याकाळी पंपाला तेल द्यायला गेले. दांड्याच्या टोकाला मोठा खाचांचा नट आहे आणि त्यातून आरपार एक पिन जाते, शेपट्या फाकवलेली. रोज बघते मी ती. आज तिथेच तेलाची बुधली घेऊन उभी राहिले.

बाबा, बॉल जॉइंटचा नट लावला, कसला, असं लिहिलंत. पिन घातली असं लिहिलेलं नाही. तुमची खोडी लिहिलेल्यात असायची, न लिहिलेल्यात कधी नव्हती. ती पिन नसेल तर नट वळणावळणाला सुटत जाईल आणि एका वळणावर चाक गाडीला सोडून जाईल. हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे फारच झालं.

मला आता खेळ नको आहे. खिशात पत्ता का शिवला तेही आता कळतंय. शिंपीकाका धंदा मंदावला म्हणून येऊन बसत नव्हते. ह्यांना पहिल्याच दिवशी कळलं ते मला कळलं नाही, कारण मला कळून घ्यायचं नव्हतं. मी हसत बसले.

शनिवारी निघू नका. पत्र उद्या रोज खाली जाणाऱ्या दूधगाडीवाल्याकडे देते, तो पायथ्याच्या टपालपेटीत टाकेल. तुम्ही निघायच्या आत ते पोचणार नाही हे मला माहीत आहे. तरी लिहिते. जुनी निळी गाडी दिसली तर आडवे व्हा, असंही त्याला सांगणार आहे. चिमणीला ताप नसता तर मीच त्याच्या गाडीत बसले असते.

तुमची

---

ता. २७, शनिवार

चि. दहाबारा,

हे म्हातारीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहितोय. अक्षर वाकडं आहे ते पत्र्यामुळे. पायथ्याला, जिथून रस्त्याला कठडा सुरू होतो, तिथे झाडाखाली गाडी लावली आहे. वर जाणारी बस इथे पाणी भरायला थांबते. तिच्या ड्रायव्हरकडे पत्र देतो.

तुझं उत्तर आलं नाही. तू वाचलंस आणि चूक नाही, म्हणून लिहिलं नाहीस, असं धरून निघालो. सपाटीला म्हातारी छान चालली. गेल्या तासाभरात पुढून खट्ट यायला लागलं. पूर्वीचं नव्हे, वेगळं. थांबलो, घाम पुसायला रुमाल काढला, तर खिशात पिन. नवीकोरी, शेपट्या सरळ. ही कुठली आहे? हात ओळखतो तिला. बोटांत धरली की बोटं तिला वाकवायला बघतात. पण डोकं जागा सांगत नाही. गाडीभोवती फिरलो, चाकाशी बसलो, उठलो. माझ्या हातून हजारभर गाड्यांत गेली असेल ही पिन.

आता सांगतोच. ग्रीस ही खोडी नव्हती. मी खरंच लावलं होतं. तू लिहिलंस ‘सापडली’, आणि मला बुडत्याला काडी मिळाली. दुकानदाराची काही चूक नव्हती. पुढे सगळं तुला लिहीत गेलो ते तू तपासावंस म्हणून. तुझ्याशिवाय मला माझ्या कामाची खात्री वाटत नाही. शिंप्याला कळतं ते चालतं, तुला कळू नये असं वाटत होतं. तू माझ्याकडे ज्या नजरेने बघायचीस ती जायला नको होती.

चिमणीला कबूल केलंय, म्हातारी येतेय म्हणून. चार वाजेपर्यंत तुझ्या उत्तराची वाट बघतो. त्यानंतर ऊन तिरकं होतं आणि वळणावर समोरचं दिसत नाही, म्हणून आणखी थांबता येणार नाही. ही शेवटची खोडी शोधून दे.

तुझा बाबा

---

ता. २७, दुपार

बाबा,

सापडली. पिन बॉल जॉइंटच्या नटातली आहे. तुम्ही ती घालू नका. दुसऱ्या बाजूलाही आहे की नाही कोण जाणे. गाडीला हात लावू नका, चालवू नका, हलवू नका. जिथे आहात तिथेच झाडाखाली बसा.

चिठ्ठी दूधगाडीवाल्याकडे देते आहे. तो खाली दूध उतरवून रिकामे कॅन घेऊन परत येतो. गाडीची किल्ली त्याच्याकडे द्या. माझ्यासाठी द्या, बाबा. मी आत्ताच आले असते, पण हे वरच्या टाकीवर गेलेत आणि ते येईपर्यंत पंप सोडता येत नाही, सोडला तर खालच्या दवाखान्याचं पाणी बंद होतं. ते आले की चिमणीला त्यांच्याजवळ ठेवून चारच्या सुमारास परत फिरणाऱ्या बसने निघते.

नजर कुठेही गेलेली नाही. आहे तिथेच आहे.

तुमची दहाबारा

---

ता. २७

चि. दहाबारा,

चिठ्ठी मिळाली. दूधवाला भला माणूस आहे, त्याने पाणी दिलं, बिस्किटं दिली. तू म्हणतेस तसंच करतो. बसलोय. गाडीला हात लावत नाही. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. इतक्या दिवसांनी कोणीतरी सांगितलं, बाबा, बसा.

किल्ली दूधवाल्याच्या हातात दिली आहे. आता माझ्या मनात आलं तरी म्हातारी हलायची नाही. तू आलीस की दोघं मिळून पिन घालू. तू घाल, मी पाना देतो. दहा-बाराचा.

इथे गार वारा सुटलाय. फारच वाजायला लागली थंडी, तर इंजिन जरा चालू करून आत बसेन.

या पत्रात खोडी एकही नाही. तरी एकदा तपासून बघ.

तुझा बाबा

---

ता. २७, बसमध्ये

बाबा,

हे पत्र कोणाकडे द्यायचं ते मला माहीत नाही. ज्याच्याकडे द्यायचं तो माणूस खाली आहे आणि मी त्याच्याकडेच निघाले आहे. पण तुम्ही पत्र लिहिलंत की मी उत्तर लिहिते, म्हणून लिहिते आहे.

हे टाकीवरून आले तेव्हा बस सुटायला आली होती. मी पायरीवर पाय ठेवला आणि दूधगाडी येऊन थांबली. त्याने तुमचं पत्र दिलं, किल्ली दिली. म्हणाला, आजोबा मजेत आहेत, हसून बोलले, काळजी करू नका. बस सुटली. मग मी तुमचं पत्र वाचलं, बोट ठेवून, आणि इंजिन चालू करून आत बसेन या ओळीवर बोट थांबलं.

मूठ उघडून पाहिलं. किल्ली पितळी आहे, झिजलेली आहे. तिला लाल दोरा नाही. ही गॅरेजच्या कुलपाची आहे.

खोडी सापडली, बाबा.

ड्रायव्हरला म्हटलं, जरा वेगात घ्या. तो म्हणाला, ताई, हा घाट आहे. चार वाजून गेले आहेत. तुम्ही बसून राहिला असाल, असं मी मनाला सांगत होते. तुम्ही कबूल केलं आहे, माझ्या चिठ्ठीवर उत्तर लिहून दिलं आहे. पण दूधवाल्याने बस सुटताना खिडकीशी येऊन आणखी एक गोष्ट सांगितली, हसत हसत, गंमत म्हणून. तो गाडी चालू करून निघाला तेव्हा तुम्ही झाडाखालून उठून त्याच्याजवळ आलात आणि विचारलंत, ‘वरून माझ्या मुलीची काही चिठ्ठी आली का हो?’

मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आहे. ऊन तिरकं झालंय, समोरचं नीट दिसत नाही. प्रत्येक वळणावर मी त्याला हॉर्न वाजवायला सांगते, आणि हॉर्न थांबला की खालून चढणाऱ्या गाडीचा आवाज येतो का ते ऐकते.